भरती-ओहोटीचें गणित : अवकलनाचे तीन नियम

मुंबईच्या उत्तरेस पालघर आणि बोईसर हीं पश्चिम रेल्वेचीं दोन स्टेशनें आहेत. पालघरहून पश्चिमेस गेलें म्हणजे सातपाटीचें मासेमारीचें बंदर लागतें. बोईसरहून पश्चिमेस गेलें म्हणजे तारापूरचा किनारा लागतो. या तारापूरलाच १९६९ सालीं भारतांतील पहिलें अणुविद्युत् केंद्र सुरू झालें. एका ठिकाणीं मचव्याला खाडींत शिरण्यापुरतें पाणी केव्हां होईल याची काळजी; दुसऱ्या ठिकाणीं यंत्रें थंड ठेवण्यास समुद्राचें पाणी अखंड मिळत राहावें याची. दोघांचाही व्यवहार भरती-ओहोटीशीं बांधलेला आहे. दिवसांतून बहुधा दोनदां पाणी चढतें आणि दोनदां उतरतें. पण तें सारख्या वेगानें चढत नाहीं कीं उतरत नाहीं. पाणी किती चढलें हा एक प्रश्न. याच क्षणीं तें किती वेगानें चढत आहे हा दुसरा. या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देणाऱ्या गणिताला अवकलन म्हणतात.

हें अवकलन महाराष्ट्रांतील विज्ञानशाखेचा विद्यार्थी बारावीच्या वर्गांत शिकतो. तेथें त्याच्यासमोर एकामागून एक तीन भाग येतात : संयुक्त फलनाचें अवकलन, व्यस्त फलनाचें अवकलन, आणि प्राचलाच्या द्वारें दिलेल्या फलनाचें अवकलन. प्रत्येकाचें सूत्र वेगळें, प्रत्येकाखालचीं उदाहरणें वेगळीं. म्हणून विद्यार्थी तीन सूत्रें पाठ करतो आणि परीक्षेच्या दिवशीं कोणतें कोठें लावावयाचें या विवंचनेंत पडतो. घरांतील वडील मंडळींनाही मुलाच्या वहींतील तीं चिन्हें पाहून हा विषय आपल्या आवाक्याबाहेरचा आहे असें वाटूं लागतें. वस्तुतः हे नियम तीन नाहींत. नियम एकच आहे. तो सरळ वाचला म्हणजे पहिला होतो, उलटा वाचला म्हणजे दुसरा होतो, आणि मधली राशि काढून टाकली म्हणजे तिसरा होतो. तो जेथें जपून वापरावा लागतो ती जागाही तिन्ही रूपांत एकच आहे. समुद्राच्या पाण्यावरून हें सर्व चांगलें उमगतें.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ निश्चित केला पाहिजे. एका राशीची किंमत ठरली कीं दुसऱ्या राशीची किंमत आपोआप ठरत असेल, तर दुसरी राशि ही पहिलीचें फलन आहे असें म्हणतात. घड्याळांत किती वाजले हें कळलें कीं बंदरांतील पाण्याची उंची ठरते. म्हणून उंची हें वेळेचें फलन. पहिली राशि अगदीं थोडी बदलली असतां दुसरी तिच्या किती पट बदलते, हें प्रमाण म्हणजे अवकलज. हें प्रमाण घेतांना पहिलीचा बदल लहान लहान करीत न्यावा आणि भागाकार कोणत्या आंकड्याकडे स्थिरावतो तें पाहावें. वेळ व उंची यांच्या बाबतींत हा अवकलज म्हणजे पाणी चढण्याचा वेग होय.

आतां पहिल्या नियमाकडे वळावें. कोंकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा आहे. तिथीची पाऊणपट करावी. जो आंकडा येईल तितक्या वाजतां पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. याचा अर्थ असा कीं, तिथि एकीनें वाढली कीं भरतीची वेळ पंचेचाळीस मिनिटांनीं पुढें जाते. परंतु तिथि आणि दिवस या एकच गोष्टी नव्हेत. चंद्र व सूर्य यांच्यामधील अंतर बारा अंशांनीं वाढलें म्हणजे एक तिथि होते, आणि चंद्राची गति सदैव सारखी नसल्यामुळें तिथि कधीं वीस तासांची असते, तर कधीं सव्वीस तासांहून अधिक लांबते. तेव्हां भरतीची वेळ तिथीवर अवलंबून आणि तिथि दिवसावर अवलंबून, अशी ही दोन कड्यांची साखळी आहे. अशा रचनेला संयुक्त फलन म्हणतात.

दर दिवसाला भरती किती पुढें जाईल हें काढावयाचें असेल तर काय करावें? तिथीमागें किती मिनिटें, आणि दिवसामागें किती तिथी, या दोन प्रमाणांचा गुणाकार करावा. वीस तासांची तिथि चालू असेल तर एका दिवसांत १.२ तिथी या गतीनें काळ चालला आहे. म्हणून ४५ गुणिले १.२, म्हणजे दिवसाला ५४ मिनिटें. सव्वीस तासांची तिथि असेल तर हेंच प्रमाण सुमारें साडेएकेचाळीस मिनिटांवर येतें. संयुक्त फलनाचा नियम याहून निराळें कांहीं सांगत नाहीं : साखळींतील प्रत्येक कडीचा अवकलज काढावा आणि सर्वांचा गुणाकार करावा. कड्या दोन असोत कीं चार, रीत तीच. म्हणूनच याला साखळीचा नियम असें नांव आहे. पाऊणपटीचा ठोकताळा अर्थात् स्थूल आहे. पंधरा तिथींत भरती बारा तासांनीं पुढें जावयास हवी. पाऊणपटीनें ती सव्वाअकरा तासांनींच जाते. पण नियम समजण्यास तो पुरेसा आहे.

चंद्राच्या या बदलत्या गतीचा विचार महाराष्ट्राच्या भूमीशीं निगडित असलेल्या एका थोर ज्योतिष्यानें फार पूर्वीं केला होता. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा, आणि सिद्धान्तशिरोमणि हा त्यांचा ग्रंथ ११५० सालचा. त्यांच्या नातवानें, चांगदेवानें, त्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ स्थापल्याचा १२०७ सालचा शिलालेख खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटण येथें आहे. सिद्धान्तशिरोमणींत ग्रहाची तात्कालिक गति, म्हणजे त्या क्षणाची गति, काढण्याची रीत दिली आहे. ग्रहाच्या स्थानाला द्यावयाचा संस्कार हा एका कोनाच्या ज्येवर अवलंबून असतो. त्या कोनाला ज्योतिषांत केंद्र म्हणतात, आणि तें केंद्र स्वतः दिवसागणिक पुढें सरकत असतें. भास्कराचार्य कोटिज्येला केंद्राच्या गतीनें गुणावयास आणि त्रिज्येनें भागावयास सांगतात. आजच्या भाषेंत ज्येचा अवकलज कोटिज्या, आणि तिला आंतल्या कोनाच्या अवकलजानें गुणावयाचें. म्हणजे साखळीचाच नियम. त्यांच्यापूर्वींच्या मुंजालाच्या ग्रंथांतही या विचाराची चाहूल लागते. तिथि संपण्याची वेळ जवळ आली असतां चंद्रासाठीं हीच तात्कालिक गति घ्यावी, असा व्यवहारी सल्लाही भास्कराचार्यांनीं दिला आहे. कारण चंद्र शीघ्रगति आहे, आणि स्थूल गतीनें केलेला हिशेब तेथें चुकतो.

आतां पाण्याच्या उंचीचा हिशेब करून पाहावा. खाडीच्या तोंडाशीं मीटरच्या खुणा असलेली एक काठी रोवली आहे असें समजावें. आंकडे सोपे असावेत म्हणून पूर्ण ओहोटीला पाणी १ मीटरच्या खुणेवर आणि पूर्ण भरतीला ५ मीटरच्या खुणेवर येतें असें धरावें. एका पूर्ण भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारें १२ तास २५ मिनिटें जातात. या काळांत एक कल्पित कांटा वर्तुळाभोवतीं एक फेरी पुरी करतो अशी कल्पना केली, तर पाण्याची उंची अशी मिळते : ३ मीटरमधून त्या कोनाच्या कोटिज्येची, म्हणजे कोसाइनची, दुप्पट वजा करावी. कोन शून्य असतां उंची १, काटकोन असतां ३, आणि दोन काटकोन असतां ५.

ही पुन्हां दोन कड्यांची साखळी झाली : उंची कोनावर आणि कोन वेळेवर. कोसाइनचा अवकलज ऋण साइन; म्हणून कोनाच्या मानानें उंचीचा अवकलज साइनच्या दुप्पट. हा आंकडा मीटर दर रेडियन असा आहे, मीटर दर तास असा नव्हे. विद्यार्थ्यांची नेहमींची चूक येथेंच होते. बाहेरच्या फलनाचें अवकलन करून ते थांबतात आणि आंतल्या कडीस विसरतात. कोन तासाला अर्ध्या रेडियनहून किंचित् अधिक, म्हणजे ०.५०६ रेडियन फिरतो. या आंकड्यानें गुणिलें म्हणजे मध्यपाण्याच्या वेळीं, जेव्हां साइन १ असतो, पाणी तासाला सुमारें १ मीटर चढत असल्याचें दिसतें. आंतली कडी विसरली तर उत्तर २ मीटर येतें, म्हणजे खऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. आणि कोन रेडियनऐवजीं अंशांत मोजून कोणी तोच गुणाकार केला, तर कोन तासाला २९ अंश फिरत असल्यामुळें भरती तासाला ५८ मीटर चढूं लागेल! ज्येचा अवकलज कोटिज्या हें सूत्र कोन रेडियनमध्यें मोजला असेल तरच खरें असतें, हें या उदाहरणावरून ध्यानांत राहावें.

पूर्ण ओहोटीनंतर एका तासानें हाच वेग किती असतो? त्या वेळीं साइन सुमारें ०.४८५ असतो, म्हणून वेग तासाला ४९ सेंटिमीटर. ओहोटीनंतर अवघ्या बारा मिनिटांनीं तो तासाला १० सेंटिमीटरच असतो, आणि तेवढ्या वेळांत पाणी फक्त एक सेंटिमीटर चढलेलें असतें. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसास पाणी थबकलें आहेसें वाटतें तें यामुळेंच.

साखळी आणखी वाढवितां येते. समुद्राचें पाणी उचलणारा एखादा पंप दर सेकंदाला एक घनमीटर पाणी ठराविक उंचीच्या टाकींत चढवितो असें समजावें. एक घनमीटर पाण्याचें वजन सुमारें एक टन. तें दर सेकंदाला एक मीटर उचलण्यास, घर्षणादि तोटे सोडून, सुमारें १० किलोवॅट शक्ति लागते. समुद्र एक मीटर चढला कीं पंपाची उचल एक मीटरनें कमी होते. म्हणजे शक्ति उचलीवर, उचल पाण्याच्या उंचीवर, उंची कोनावर, कोन वेळेवर. चारही प्रमाणांचा गुणाकार केला म्हणजे मध्यपाण्याच्या सुमारास पंपाची गरज तासाला १० किलोवॅट या दरानें, आणि ओहोटीनंतर एका तासानें तासाला सुमारें ५ किलोवॅट या दरानें घटत असल्याचें कळतें. चार कड्यांपैकीं एकही मनांत मोठें ओझें होण्यासारखी नाहीं; ओझें वाटतें तें सर्व एकदम करूं गेल्यामुळें.

दुसरा नियम तांडेलाच्या प्रश्नाचा आहे. मचवा घेऊन परत येणारा तांडेल सात वाजतां पाणी किती असेल असें विचारीत नाहीं. त्याला अमुक खुणेपर्यंत पाणी हवें असतें, आणि तें केव्हां होईल हें त्याला पाहिजे असतें. वेळेवरून उंची काढण्याऐवजीं उंचीवरून वेळ काढावयाची, हें उलट फलन. त्यालाच व्यस्त फलन म्हणतात. येथें एक अट आरंभींच येते. ३ मीटरची खूण पाणी चढतांनाही गांठतें आणि उतरतांनाही गांठतें. नुसती खूण सांगून एकच वेळ सांगतां येणार नाहीं. चढतें पाणी कीं उतरतें, हें ठरवावें लागतें. व्यस्त फलन घेण्यापूर्वीं मूळ फलनाचा एकाच दिशेनें जाणारा भाग निवडावा, असें पुस्तकांत सांगितलेलें असतें, त्याचें कारण हेंच.

व्यस्त फलनाच्या अवकलजासाठीं नवें सूत्र शोधावें लागत नाहीं. वेळेवरून उंची काढली, आणि त्या उंचीवरून परत वेळ काढली, तर जी वेळ घेतली होती तीच हातीं येते. म्हणजे ही जाण्यायेण्याची दोन कड्यांची साखळी असून तिचा एकूण अवकलज १ आहे. साखळीच्या नियमानें दोन्ही अवकलजांचा गुणाकार १ झाला पाहिजे. म्हणून एक हा दुसऱ्याचा व्यस्तांक. पाणी तासाला १ मीटर चढत असेल तर मीटरमागें एक तास लागतो. तासाला अर्धा मीटर चढत असेल तर मीटरमागें दोन तास. व्यस्त ज्येच्या अवकलजाचें सूत्र विद्यार्थी पाठ करतात : एकामधून दिलेल्या राशीचा वर्ग वजा करावा, त्याचें वर्गमूळ घ्यावें, आणि त्यानें एकास भागावें. तें वर्गमूळ म्हणजे कोटिज्याच होय. कोनाऐवजीं ज्या दिलेली आहे म्हणून ती वर्गमूळाच्या वेषांत येते, इतकेंच.

हा व्यस्तांक व्यवहारांत किती महत्त्वाचा आहे पाहावें. मचव्याला ३ मीटरच्या खुणेइतकें पाणी लागतें असा तांडेलाचा अंदाज आहे, पण माल अधिक भरल्यामुळें प्रत्यक्षांत १० सेंटिमीटर जास्त लागतें. मध्यपाण्याला मीटरमागें एक तास, म्हणून १० सेंटिमीटरमागें सहा मिनिटें. सहा मिनिटें अधिक थांबावें लागलें. बिघडलें कांहीं नाहीं. आतां दुसरा मचवा मोठा असून त्याला ४.९ मीटरची खूण लागते, आणि अंदाज तितकाच, १० सेंटिमीटरनें, चुकला आहे. ४.९ मीटरला पाणी तासाला अवघें ३२ सेंटिमीटर चढत असतें; मीटरमागें तीन तासांहून अधिक. अवकलजावरून हिशेब केला तर १९ मिनिटें थांबावें लागेल असें येतें. परंतु प्रत्यक्षांत ४.९ पासून ५ मीटरपर्यंत पाणी यावयास ३८ मिनिटें लागतात, म्हणजे दुप्पट. कारण या काळांत चढण्याचा वेग क्षणोक्षणीं मावळत जाऊन शेवटीं शून्य होतो. आणि चूक १० ऐवजीं १५ सेंटिमीटरची असेल, तर त्या भरतीला पाणी त्या खुणेपर्यंत येतच नाहीं. एवढें करून मचवा पुढें घातलाच, तर तो गाळांत रुततो आणि पाणी उतरूं लागतें.

गणिताच्या भाषेंत याचा अर्थ असा : ज्या ठिकाणीं मूळ फलनाचा अवकलज शून्य होतो, त्या ठिकाणीं व्यस्त फलनाला अवकलज नाहीं. एकाला शून्यानें भागतां येत नाहीं. व्यस्त ज्येच्या सूत्रांत राशि १ झाली कीं वर्गमूळ शून्य होतें, तें हेंच थबकलेलें पाणी. पुस्तकांत सूत्राशेजारीं लहान अक्षरांत छापलेली अट विद्यार्थी बहुधा वाचीत नाहींत. खाडीच्या तोंडाशीं त्याच अटीवर मचवा आंत येणें न येणें अवलंबून असतें. जेथें उत्तर महत्तम होतें तेथें गति शून्य होते, हा विचार भास्कराचार्यांच्या ग्रंथांतही आहे : ग्रहाच्या स्थानाचा संस्कार जेथें सर्वांत मोठा, तेथें त्याच्या गतीला द्यावयाचा संस्कार शून्य.

तिसरा नियम पुळणीवर पाहावयास मिळतो. किनारा सपाट असला म्हणजे ओहोटीच्या वेळीं पाण्याची कड दूरवर मागें जाते, आणि भरतीबरोबर ती पुढें सरकते. येथें एकाच वेळीं दोन राशी बदलत आहेत : पाण्याची उंची आणि कडेनें जमिनीकडे कापलेलें अंतर. दोन्ही वेळेवर अवलंबून आहेत. पण वेळेशीं मुळींच संबंध नसलेला एक प्रश्न यांतून सोडवितां येतो : पुळणीचा उतार किती? उतार म्हणजे अंतराच्या मानानें उंचीचा अवकलज. ज्या तिसऱ्या राशीच्या द्वारें दोन राशी एकमेकींशीं जोडल्या जातात तिला प्राचल म्हणतात. येथें वेळ हें प्राचल आहे.

उंची अंतरावर अवलंबून, अंतर वेळेवर अवलंबून. म्हणून साखळीच्या नियमानें उंची चढण्याचा वेग म्हणजे उतार गुणिले कड सरकण्याचा वेग. अर्थात् उतार हवा असेल तर पहिल्या वेगाला दुसऱ्या वेगानें भागावें. पाणी तासाला १ मीटर चढत असून कड तासाला ५० मीटर पुढें येत असेल, तर उतार पन्नासास एक. ओहोटीनंतर एका तासानें पाणी तासाला ४९ सेंटिमीटर चढत होतें. त्या वेळीं कड तासाला साडेचोवीस मीटर सरकतांना आढळली, तर उतार पुन्हां पन्नासास एक. दोन्ही वेग निम्म्यावर आले, भागाकार तोच राहिला. कारण जमिनीला घड्याळ ठाऊक नसतें. वरच्या अंगाला, पाणी तासाला ६७ सेंटिमीटर चढत असतांना, कड तासाला ६.७ मीटरच पुढें येत असेल, तर तेथें उतार दहास एक, म्हणजे पुळण उभी झाली आहे. हेंच सूत्र फिरवून वाचलें तर सावधगिरीची एक गोष्टही कळते : शंभरास एक इतका मंद उतार असलेल्या वाळूवर मध्यपाण्याच्या वेळीं कड तासाला शंभर मीटर वेगानें अंगावर येते.

आतां पूर्ण ओहोटीच्या क्षणीं काय होतें? पाणी चढत नाहीं आणि कड सरकत नाहीं. दोन्ही वेग शून्य. भागाकार शून्य भागिले शून्य. म्हणून त्या ठिकाणीं पुळणीला उतारच नाहीं असें म्हणावें काय? तसें नव्हे. उतार जागच्या जागीं आहे. फक्त त्या क्षणाच्या वेगांवरून तो सांगतां येत नाहीं. अशा वेळीं शेजारच्या क्षणांकडे पाहावें. पहिल्या बारा मिनिटांत पाणी १ सेंटिमीटर चढलें आणि कड ५० सेंटिमीटर सरकली. त्याच्या निम्म्या वेळांत दोन्ही याहून कमी, पण प्रमाण पन्नासास एकच. बदल शून्याकडे जातात, त्यांचा भागाकार मात्र शून्याकडे जात नाहीं. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–१८४६) यांनीं हा विषय मराठींत आणला तेव्हां त्याला ‘शून्यलब्धि’ असें नांव दिलें. लब्धि म्हणजे भागाकार. शून्याकडे जाणाऱ्या राशींचा भागाकार, हा अवकलनाचा गाभा त्या एका शब्दांत आला आहे.

शून्य भागिले शून्य आलें म्हणजे उत्तर नेहमींच सौम्य येईल असेंही समजूं नये. पालघरहून बोईसरकडे धांवणाऱ्या गाडीच्या चाकाच्या कडेवर एक खडूचा ठिपका आहे असें समजावें. चाक किती फिरलें हा कोन प्राचल. ठिपक्याचें आडवें अंतर आणि उंची या दोन राशी. ठिपका सर्वांत वर असतो तेव्हां तो गाडीच्या दुप्पट वेगानें पुढें जात असतो आणि त्याच्या मार्गाचा उतार शून्य असतो. तोच ठिपका रुळाला टेकतो त्या क्षणीं दोन्ही वेग शून्य होतात. धांवत्या गाडीचा तो बिंदु क्षणभर अगदीं स्थिर असतो. पण शेजारच्या क्षणांचा भागाकार पाहिला तर तो वाढत वाढत अमर्याद होतो. ठिपक्याच्या मार्गाला तेथें टोंक आलेलें असतें : तो सरळ खालीं उतरतो आणि सरळ वर चढतो. पुळणीवर शून्य भागिले शून्यांतून पन्नासास एक निघालें. रुळावर त्यांतून उभी रेषा निघाली. म्हणून प्रत्येक वेळीं शेजारचे क्षण तपासणें अवश्य आहे.

प्राचलाच्या उदाहरणांत आणखी एक चूक फार आढळते. पहिला अवकलज दोन वेगांच्या भागाकारानें मिळाला, म्हणून दुसरा अवकलज दोन प्रवेगांच्या भागाकारानें मिळेल असें विद्यार्थी धरून चालतात. पन्नासास एक उताराच्या सरळ पुळणीवर हें तपासून पाहावें. ओहोटीनंतर एका तासानें पाणी चढण्याचा वेग वाढत असतो आणि कड सरकण्याचाही वेग वाढत असतो. त्या वाढींचा भागाकार केला तर तोही पन्नासास एक येतो. पण दुसरा अवकलज म्हणजे उतारांतील बदल, आणि सरळ पुळणीचा उतार बदलतच नाहीं. तेव्हां खरें उत्तर शून्य. योग्य रीत अशी कीं, आधीं उतार काढावा, तो वेळेबरोबर किती बदलतो तें पाहावें, आणि मग त्या प्रमाणाला पुन्हां कड सरकण्याच्या वेगानें भागावें. साखळीचा नियम दोनदां लावावयाचा. दुसरें कांहीं नाहीं.

खऱ्या समुद्राचा हिशेब एवढा सुटसुटीत नसतो. चंद्राचें आकर्षण, सूर्याचें आकर्षण, चंद्राचें जवळ येणें आणि दूर जाणें, अशा अनेक कारणांचे वेगवेगळ्या मुदतीचे चढउतार एकमेकांत मिसळलेले असतात. त्यामुळेंच अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येतें आणि अष्टमीच्या सुमारास भांग. भारतीय सर्वेक्षण विभाग बंदरांसाठीं भरती-ओहोटीचीं कोष्टकें प्रसिद्ध करतो, तीं अशा अनेक चढउतारांची बेरीज करून तयार होतात. परंतु त्या बेरजेंतील प्रत्येक पद हें वर सांगितल्यासारखेंच, कोनाची कोटिज्या आणि वेळेवर अवलंबून असलेला कोन, असें असतें. प्रत्येकाचा वेग साखळीच्या नियमानें काढून बेरीज केली म्हणजे खऱ्या पाण्याचा वेग मिळतो.

तेव्हां बारावीच्या विद्यार्थ्यानें तीन सूत्रें पाठ करण्याआधीं प्रत्येक उदाहरणास तीन साधे प्रश्न विचारावे. कोणती राशि कोणावर अवलंबून आहे, आणि मध्यें किती कड्या आहेत? प्रश्न सरळ विचारला आहे, उलटा विचारला आहे, कीं मधली राशि गाळून विचारला आहे? आणि ज्या वेगानें भागावयाचें तो कोठें शून्य तर होत नाहीं ना? पहिल्या दोन प्रश्नांवरून काय गुणावयाचें आणि कशानें भागावयाचें हें ठरतें. तिसऱ्या प्रश्नावरून उत्तर कोठपर्यंत खरें आहे तें कळतें. परीक्षेंत त्याला गुण थोडे असतात, पण बंदरांत उतरणाऱ्या माणसास तोच प्रथम विचारावा लागतो.